कंसातला १४

बाबांच्या वहीत एका शुक्रवारच्या नोंदीपुढे २४ हा आकडा होता. त्याच शुक्रवारचा, त्याच कंपनीचा आकडा माझ्या फोनवर ४१ दिसत होता. नाव मात्र दोन्हीकडे एकच होतं: आरएसआय, आणि पुढे कंसात १४.

गेल्या वर्षी गणपतीत साताऱ्याला घरी गेले होते, तेव्हाची ही गोष्ट. बाबा एका सहकारी बँकेत तेहतीस वर्षं लेजर सांभाळून निवृत्त झाले. आता सकाळी पूजा आटोपली की लॅपटॉप उघडून शेअरचे चार्ट बघतात आणि जे दिसलं ते आडव्या रेघांच्या वहीत उतरवून ठेवतात. तारीख, कंपनी, भाव, आरएसआय, काय केलं. वही त्यांची, चार्ट मात्र मी बनवून दिलेला. सॉफ्टवेअर चार्टच्या डोक्यावर आपणहून जे शीर्षक छापायचं, ते बारीक अक्षरांतलं लांबलचक इंग्रजी त्यांना वाचता यायचं नाही. "वरची ती मुंग्यांची रांग काढून टाक," असं ते म्हणाले होते. म्हणून मी दहा-बारा ओळींचा कोड लिहून ती रांग काढली आणि मोठ्या अक्षरांत सुटसुटीत मराठी नाव टाकलं.

"बाबा, हा आकडा उतरवताना चुकला का तुमचा?"

"तेहतीस वर्षांत कधी चुकला नाही. तुझा फोन बघ आधी."

मी म्हटलं, वेगवेगळ्या ॲपमध्ये थोडा फरक येतोच. बाबांनी मान डोलावली. मला स्वतःला ते पटलं नव्हतं. थोडा फरक म्हणजे एक-दोन अंकांचा. हा सतराचा होता. त्या रात्री मी कारण शोधायला बसले आणि चार्टवरच्या नावांच्या इतिहासात शिरले. तो इतिहास आधी सांगते, कारण वहीतला घोळ त्याशिवाय नीट कळणार नाही.

*

आकडे रेघेनं दाखवायची पद्धत आपल्याला अनादी काळापासूनची वाटते, पण ती जेमतेम अडीचशे वर्षांची आहे. व्यापाराची आकडेवारी रेघांच्या आलेखात छापून लोकांपुढे आणली ती विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसानं, १७८६ साली लंडनमध्ये. पुस्तकाचं नाव 'द कमर्शियल अँड पोलिटिकल ॲटलस', आत ४४ आलेख. प्लेफेअर त्याआधी वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटकडे नकाशे काढायच्या कामावर होता. म्हणजे आपल्यासारखाच इंजिनिअरिंगवाला.

त्याचा सगळ्यात गाजलेला आलेख इंग्लंड आणि डेन्मार्क-नॉर्वे यांच्या व्यापाराचा आहे. नेटवर सहज सापडतो, एकदा झूम करून बघा. रेघा दोनच, पण शब्द किती! नावात कसला आलेख, कुणाशी व्यापार, १७०० पासून १७८० पर्यंत, हे सगळं. आयातीच्या रेघेवर तिच्याच वळणानं लिहिलंय की ही आयातीची रेघ. निर्यातीचंही तसंच. दोन रेघांमधल्या पट्ट्यात लिहिलंय की इथे शिल्लक इंग्लंडच्या विरुद्ध आणि इथून पुढे बाजूनं. तळाला खुलासा, की खालची रेघ वर्षांत विभागली आहे आणि उजवीकडची दहा दहा हजार पौंडांत. शेवटी छापल्याची तारीख, १ मे १७८६.

हे सगळं तांब्याच्या पत्र्यावर उलट्या अक्षरांत कोरायचं होतं. एकेका शब्दाला कष्ट आणि पैसे पडत होते. तरीही प्लेफेअरनं शब्दांत काटकसर केली नाही. असा आलेख वाचकानं आधी कधी पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे काहीच गृहीत धरता येत नव्हतं.

आणि तरीही वॉटचं समाधान झालं नाही. पुस्तक यायच्या आधी त्यानं प्लेफेअरला पत्रातून सुचवलं की ज्या कोष्टकांवरून हे आलेख काढलेत ती कोष्टकंही छापावीत. नाहीतर सगळा भरवसा तुझ्या एकट्याच्या शब्दावर उरतो आणि लोक विचारणारच, की ही माहिती आणली कुठून.

या पत्रापाशी मी जरा थांबले. बाबांचा चार्ट कुणाच्या शब्दावर उभा होता? माझ्या.

*

प्लेफेअरचा आलेख स्वतःबद्दल सगळं सांगतो. पण नावं पुढे प्रवास करतात आणि वाटेत त्यांचा रंग बदलतो. हे मी शब्दशः म्हणतेय.

कँडलस्टिक चार्ट माहीत नसलेला ट्रेडर आज सापडणार नाही. ही पद्धत जपानची. ओसाकातल्या दोजिमाच्या तांदूळ बाजाराला १७३० साली शोगुनच्या राजवटीनं अधिकृत मान्यता दिली. तिथे तांदळाच्या पोत्यांपेक्षा पावत्यांचा व्यापार जास्त चाले. मेणबत्तीसारखे हे चार्ट साकाता गावच्या होम्मा मुनेहिसा या तांदूळ व्यापाऱ्यानं शोधले असं सगळीकडे सांगितलं जातं. पण मेणबत्तीचा आजचा आकार त्याच्या हयातीनंतरचा, मेइजी काळातला असावा, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. शोधकर्त्याचं नाव हेही एक लेबलच. एकदा चिकटलं की निघत नाही.

जपानी लोकांनी मेणबत्त्यांच्या रचनांना नावंही दिली. लागोपाठ तीन वाढीच्या मेणबत्त्यांना ते 'आका सानपेइ' म्हणतात, म्हणजे 'तीन लाल शिपाई'. जपानमध्ये भाववाढीचा रंग लाल. १९९१ साली स्टीव्ह निसन या अमेरिकन विश्लेषकाचं पुस्तक आलं आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगाला मेणबत्त्यांची रीतसर ओळख झाली. काळ्या-पांढऱ्या छपाईत वाढीची मेणबत्ती पोकळ, पांढरी असायची. त्यामुळे इंग्रजीत लाल शिपायांचे 'थ्री व्हाइट सोल्जर्स' झाले. पुढे रंगीत पडदे आले आणि आपल्याकडच्या ॲपमध्ये वाढ हिरवी झाली. आज पुण्यातला एखादा मुलगा पडद्यावर तीन हिरव्या मेणबत्त्या बघतो, त्यांना पांढरे शिपाई म्हणतो, आणि ते मुळात लाल होते.

यात कुणाचं नुकसान होत नाही, कारण मेणबत्ती समोर दिसत असते. नाव चुकलं तरी डोळा सावरून घेतो. आरएसआयचं तसं नाही.

*

आरएसआय म्हणजे रिलेटिव्ह स्ट्रेंग्थ इंडेक्स. कल्पना साधी आहे. ठरावीक दिवसांत भाव एकूण जेवढा हलला, त्यातलं वर जाणं किती टक्के? समजा गेल्या १४ दिवसांतल्या वाढीची बेरीज २१ रुपये आणि घसरणीची ३० रुपये. एकूण हालचाल ५१, त्यातली वाढ २१, म्हणजे साधारण ४१ टक्के. हाच आरएसआय. ७० च्या वर गेला तर खरेदीचा अतिरेक झालाय आणि ३० च्या खाली आला तर विक्रीचा, असं मानायची रीत आहे. आता त्याच शेअरचे फक्त शेवटचे ५ दिवस घ्या. वाढ ६ रुपये, घसरण १९. पंचवीसातले सहा, म्हणजे २४. शेअर तोच, तारीख तीच. १४ दिवसांनी मोजलं तर विशेष काही नाही, ५ दिवसांनी मोजलं तर 'घ्या, घ्या' म्हणून ओरडणारा आकडा.

हा इंडिकेटर बनवणारा जे. वेल्स वाइल्डर हा मूळचा मेकॅनिकल इंजिनिअर. १९७८ साली त्याचं 'न्यू कन्सेप्ट्स इन टेक्निकल ट्रेडिंग सिस्टिम्स' हे पुस्तक आलं. आरएसआय, एटीआर, एडीएक्स, पॅराबॉलिक एसएआर, आपल्या फोनमधल्या यादीतली ही चारही नावं त्या एका पुस्तकातली आहेत. त्यात १४ हा आकडा पुन्हा पुन्हा येतो. २८ दिवसांच्या चंद्राच्या फेऱ्याचा निम्मा म्हणून वाइल्डरनं तो घेतला असं म्हटलं जातं. कारण काहीही असो, तो निसर्गनियम नाही. एका माणसाची निवड आहे.

वाइल्डरचं पुस्तक कागद, पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसणाऱ्यांसाठी होतं. रोज एक ओळ भरायची. त्यासाठी त्यानं एक युक्तीही दिली. दरवेळी १४ दिवसांची बेरीज नव्यानं करायला नको. कालच्या सरासरीला १३ नं गुणा, आजचा आकडा मिळवा, १४ नं भागा. कष्ट वाचतात, पण आकडा साध्या सरासरीपेक्षा वेगळा येतो. पुढे साधी सरासरी वापरणारा आरएसआयही निघाला, तो कटलरच्या नावानं ओळखला जातो. शिवाय वाइल्डरच्या पद्धतीत प्रत्येक आकडा कालच्या आकड्यावर उभा असल्यामुळे, मोजायला कुठल्या दिवसापासून सुरुवात केली त्यानंही थोडा फरक पडतो. मी बाबांना 'ॲपमध्ये फरक येतोच' म्हणाले ते यामुळे.

पण मला महत्त्वाची वाटली ती वेगळीच गोष्ट. ज्या माणसानं रोज स्वतःच्या हातानं १३ नं गुणलं आणि १४ नं भागलं, त्याला कागदावर 'आरएसआय (१४)' लिहायची गरजच नव्हती. मोजणारा तोच, वाचणाराही तोच. शीर्षक नसतं तरी चाललं असतं.

त्याच सुमाराला घराघरांत कॉम्प्युटर येऊ लागले. ॲपल टू १९७७ चा, व्हिजिकॅल्क ही पहिली गाजलेली स्प्रेडशीट १९७९ ची. ऐंशीच्या दशकात मेटास्टॉकसारखी सॉफ्टवेअर आली आणि वाइल्डरची वर्कशीट एका खिडकीतल्या छोट्या चौकोनात मावली. चौकोनात आधीपासून लिहिलेलं असे: १४. मोजणारा आणि वाचणारा इथे वेगळे झाले. मोजणी आत गेली, बाहेर उरली ती एक रेघ आणि तिचं नाव. आत नक्की काय झालं याचा साक्षीदार आता फक्त कंसातला आकडा.

*

साक्षीदार गप्प बसला तर काय होतं याचं एक उदाहरण आपल्या रोजच्या बातम्यांत आहे. मुंबई शेअर बाजाराचा ३० कंपन्यांचा निर्देशांक १९८६ च्या सुरुवातीला प्रसिद्ध होऊ लागला. पायाभूत वर्ष १९७८-७९, पायाभूत आकडा १००. त्याला 'सेन्सेक्स' हे सुटसुटीत नाव विश्लेषक दीपक मोहोनी यांनी दिलं. 'सेन्सिटिव्ह' आणि 'इंडेक्स' यांची जोडणी. नाव इतकं चपखल बसलं की आज शेअर बाजार म्हणजेच सेन्सेक्स.

१ सप्टेंबर २००३ पासून सेन्सेक्स मोजायची पद्धत बदलली. आधी कंपनीचे सगळे शेअर धरून वजन ठरायचं. तेव्हापासून फक्त बाजारात खरोखर फिरणारे शेअर धरले जातात. याला फ्री फ्लोट म्हणतात. बदल जाहीर होता, चांगल्या कारणासाठी होता आणि रेघ तुटू नये याची काळजी घेतलेली होती. पण १९८६ पासून आजपर्यंतचा सेन्सेक्सचा चार्ट उघडलात, तर त्या तारखेपाशी बहुधा काहीच लिहिलेलं दिसणार नाही. एकच नाव, एकच सलग रेघ, आत दोन वेगळे हिशोब. प्लेफेअरनं तिथे नक्की काहीतरी कोरलं असतं.

*

शीर्षकाचा प्रश्न सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या लक्षात आला नव्हता असं नाही. पोलंडच्या टोमाश यानेच्को यानं नव्वदच्या दशकात अमिगा कॉम्प्युटरसाठी ॲमीब्रोकर लिहिलं. पुढे ते विंडोजवर आलं आणि आपल्याकडेही भरपूर वापरलं गेलं. त्यात 'टायटल' नावाचं एक व्हेरिएबल आहे. तुम्ही त्याला हात लावला नाही तर सॉफ्टवेअर स्वतःच शीर्षक तयार करतं. त्याच्या तयार साच्यात महिरपी कंसांतल्या रिकाम्या जागा असतात: इथे शेअरचं नाव, इथे कालावधी, इथे तारीख, इथे किमती. चार्ट हलला की जागा नव्यानं भरतात. रेघेचं नाव वापरलेल्या आकड्यांसकट तयार करणारं एक फंक्शनही त्यात आहे. पण तुम्ही 'टायटल' मध्ये स्वतःचा मजकूर लिहिलात, तर सॉफ्टवेअरचं शीर्षक बाजूला होतं आणि तुमचा शब्द चालतो.

ट्रेडिंगव्ह्यू २०११ चं. त्याच्या पाइन स्क्रिप्टमध्ये इंडिकेटरचं शीर्षक कोड लिहितानाच पक्कं करावं लागतं, वापरणाऱ्यानं सेटिंग बदललं म्हणून ते बदलत नाही. म्हणून वापरलेले आकडे शीर्षकाच्या शेजारी सॉफ्टवेअर स्वतः दाखवतं. पण चार्ट मोकळा दिसावा म्हणून ते लपवायची सोयही सेटिंगमध्ये आहे आणि पुष्कळ जण ती वापरतात. मीही वापरायचे.

म्हणजे दोन्हीकडे सॉफ्टवेअर खरं सांगायला तयार असतं. त्याला गप्प करतो आपण, चार्ट नीटनेटका दिसावा म्हणून.

*

रात्री दीड वाजता मी बाबांच्या चार्टचा माझाच कोड उघडला. शीर्षकाच्या ओळीत मी अवतरणचिन्हांत सरळ टाइप केलं होतं: आरएसआय (१४). साधी अक्षरं. मोजणीशी त्यांचा काही संबंध नव्हता.

सुरुवातीला मोजणीतही १४ च होते, म्हणून चूक दिसली नाही. पण जूनमध्ये बाबांनी विचारलं होतं, "दिवस कमी-जास्त करून बघता येतील का गं?" फोनवर बोलता बोलता मी त्यांना एक सरकपट्टी जोडून दिली. पाच मिनिटांचं काम. मोजणी सरकपट्टीला बांधली, शीर्षक तसंच राहिलं. सरकपट्टी आता ५ वर होती. मी ती १४ वर नेली. त्या शुक्रवारचा आकडा ४१ झाला. वरचं नाव दोन्ही वेळा तेच.

ऑफिसमध्ये असा कोड कुणी रिव्ह्यूला टाकला असता तर मी पहिल्याच नजरेत परत पाठवला असता. घरच्या कोडला रिव्ह्यू नसतो.

दोन दिवस मी बोलले नाही. गुपचूप दुरुस्त करून टाकावं असंही मनात आलं. बाबांना कळलंही नसतं. पण वही राहिली असती. तिसऱ्या दिवशी सकाळी, आरती झाल्यावर, लॅपटॉप घेऊन त्यांच्याशेजारी बसले आणि सगळं सांगितलं.

ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी पाचाचा आकडा चौदाचा समजून लिहीत होतो."

"हो."

"कधीपासून?"

ते मला सांगता येईना. सरकपट्टी कधी हलवली याची नोंद कोडमध्ये नव्हती. बाबांनी वहीची पानं मागे उलटली. जूनच्या शेवटच्या आठवड्यात समासात त्यांनी पेन्सिलनं लिहिलं होतं: आज रेघ फार नाचते. दिवस कमी मोजले की रेघ नाचतेच. त्या पानापासून पुढे अकरा नोंदी होत्या. त्यातल्या सहा खरेदीच्या. त्या सहांत मिळून साडेसव्वीस हजार गेले होते.

"बाबा, चौदाचा आकडा दिसला असता तर तुम्ही घेतले असते का?"

"नसते घेतले. पण दुसरं काहीतरी घेऊन तिथेही घालवले असते कदाचित. बाजार आहे." मग वहीवर बोट ठेवून म्हणाले, "या सहांवरून मी एक गोष्ट शिकलो होतो. चौदाचा आरएसआय आपल्या कामाचा नाही, असं मागच्या पानावर लिहूनसुद्धा ठेवलंय. ते चुकीचं शिकलो."

पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं. चौदाचा आरएसआय कामाचा आहे की नाही, मला माहीत नाही. पण बाबांनी तो तपासलाच नव्हता. माझ्या एका ओळीमुळे त्यांना वाटत होतं की तपासलाय.

मी म्हटलं, अकरा नोंदी खोडून टाकू, बरोबर आकडे काढून देते. बाबांना ते पटलं नाही. लेजरमध्ये खाडाखोड चालत नाही. त्यांनी लाल पेन घेतलं, प्रत्येक नोंदीतल्या १४ वर एक आडवी रेघ मारली. खालचे १४ वाचता येतील अशी. वर ५ लिहिलं, शेजारी छोटी सही आणि तारीख. अकरा वेळा. मागच्या पानावरच्या त्या वाक्यावरही तशीच रेघ आणि सही.

मी तोवर शीर्षकाची ओळ बदलली. आता तिथला आकडा मोजणीतूनच येतो, सरकपट्टी हलली की नावही हलतं. शिवाय सरासरी वाइल्डरची, भाव बोनस आणि स्प्लिट धरून, माहिती कुठल्या तारखेपर्यंतची, हेही लिहिलं.

बाबांनी चष्मा वर केला. "परत मुंग्यांची रांग झाली की."

"अक्षर मोठं करू?"

"कर. आणि ही रांग काढू नकोस आता."

तेव्हापासून वहीत एक रकाना वाढलाय. आरएसआयचा आकडा उतरवायच्या आधी बाबा सेटिंग उघडून किती दिवस ते स्वतः बघतात आणि त्या रकान्यात लिहितात. शीर्षक बरोबर असतानासुद्धा. मी त्यावर काही म्हणत नाही. फोनवर आरएसआय दिसला की मीसुद्धा हल्ली आधी नावावर बोट दाबून आत काय आहे ते बघते.